नाकातील फवारा आणि मुलाची उंची : बालरुग्णांवरील स्टेरॉइड चाचण्यांचा इतिहास व सातारा-सांगली परिसर

प्रस्तावना

लहान मुलाचे वाहणारे नाक हा आपल्याकडे सहसा आजार मानला जात नाही. सकाळी उठल्याबरोबर लागणाऱ्या शिंका, चोंदलेले नाक, तळहाताने नाक वर घासण्याची सवय, तोंडाने श्वास घेत काढलेली रात्र आणि दुसऱ्या दिवशी वर्गात येणारी पेंग या साऱ्यांची बोळवण ‘त्याची प्रकृतीच सर्दीची’ या एका वाक्यात होते. वैद्यकशास्त्र या अवस्थेला ॲलर्जीजन्य नासाशोथ असे नाव देते. तिच्यावर आज सर्वाधिक परिणामकारक मानले जाणारे औषध म्हणजे नाकात मारावयाचा स्टेरॉइडयुक्त फवारा. हा फवारा मुलांना देण्यास योग्य आहे, हे कसे ठरले, कोणी ठरविले आणि ठरविताना कोणता प्रश्न विचारला गेला, याचा इतिहास मात्र वैद्यकीय वर्तुळाबाहेर फारसा चर्चिला गेलेला नाही.

प्रस्तुत लेखात या इतिहासाचा आढावा घेऊन तो सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात तपासला आहे. लेखाचे मुख्य प्रतिपादन असे की, या औषधाच्या बाबतीत ‘नाक मोकळे होते काय?’ या प्रश्नाचे उत्तर लवकर मिळाले. परंतु ‘वाढत्या मुलाच्या शरीराचे काय होते?’ हा प्रश्न नेमकेपणाने विचारण्यास पाव शतकाहून अधिक काळ लागला. औषधाची सुरक्षितता ही केवळ रसायनाचा गुणधर्म नसते. ती विचारलेल्या प्रश्नावर आणि ज्या मुलांना मोजले त्यांच्यावर अवलंबून असते. हे ध्यानात घेतले म्हणजे जिल्हास्तरावर होणाऱ्या वैद्यकीय चाचणीकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

सातारा-सांगली : एक परिसर, अनेक हवामाने

सातारा आणि सांगली यांचा एकत्र विचार करण्यास ऐतिहासिक आधार आहे. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा हा नवा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली असे ठेवण्यात आले. कृष्णेचे खोरे, सहकारी साखर कारखाने आणि शिक्षणसंस्थांचे जाळे यांनी हे दोन्ही जिल्हे जोडलेले आहेत. तथापि हवामानाच्या दृष्टीने हा प्रदेश एकसंध नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी सुमारे ६,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर माण, आटपाडी, जत या पूर्वेकडील तालुक्यांत तो ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. घाटमाथ्यावरील दमट घरातील बुरशी, नदीकाठच्या उसाच्या पट्ट्यातील दमटपणा आणि माणदेशातील कोरडी धूळ यांमुळे एकाच परिसरातील दोन मुलांच्या शिंकांची कारणे अगदी निराळी असू शकतात. त्यात १९५० च्या दशकात पुणे परिसरात प्रथम लक्षात आलेल्या आणि पुढे देशभर पसरलेल्या गाजरगवताची भर पडली. या गवताचे पराग नाकाच्या ॲलर्जीस कारणीभूत ठरतात, हे बंगळूर येथील अभ्यासांनी दाखवून दिले आहे.

वैद्यकीय संस्थांच्या बाबतीत हा परिसर जुना आहे. कॅनडात जन्मलेले मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस १८८९ मध्ये सांगलीस आले. १८९४ मध्ये मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले आणि १८९७ मध्ये तेथे वैद्यकीय शिक्षणही सुरू झाले. दूरदूरचे रुग्ण रेल्वेने मिरजेस येऊ लागले आणि ‘मिरजेला नेणे’ याचा अर्थ शेवटचा इलाज करून पाहणे असा झाला. १९६२ मध्ये मिरजेस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. कराड येथे १९८४ मध्ये कृष्णा वैद्यकीय विज्ञान संस्था आणि सांगलीत २००५ मध्ये भारती विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. रुग्णांची मोठी संख्या, अध्यापन रुग्णालये आणि प्रशिक्षित डॉक्टर या तिन्ही गोष्टी असल्यामुळे असा परिसर औषधचाचण्यांसाठी सोयीचा ठरतो. चाचणी ही केवळ महानगरांतील घटना राहिलेली नाही, ती जिल्ह्याच्या ठिकाणी येऊ शकते, ही या इतिहासाची स्थानिक पार्श्वभूमी होय.

नस्यापासून ॲलर्जीपर्यंत

नाकावाटे औषध देण्याची कल्पना भारतीय परंपरेस नवीन नाही. आयुर्वेदातील पंचकर्मांमध्ये नस्याचा समावेश होतो. येथे विशेष लक्षात घेण्याजोगी बाब म्हणजे वाग्भटाच्या अष्टांगहृदयात नस्यासाठी वयाची मर्यादा घातलेली आहे : सात वर्षांखालील मुलास आणि ऐंशी वर्षांवरील वृद्धास नस्य देऊ नये. मात्र अल्प मात्रेचे प्रतिमर्श नस्य जन्मापासून मरणापर्यंत चालते, असेही तेथे सांगितले आहे. यामागील शरीरविचार आधुनिक शास्त्राहून वेगळा असला, तरी बालकाचे शरीर म्हणजे प्रौढाच्या शरीराची लहान प्रतिकृती नव्हे आणि मात्रा बदलली की निर्णयही बदलतो, या दोन गोष्टींची जाण त्यात स्पष्ट दिसते. आधुनिक औषधविज्ञानास हीच जाण पुन्हा नव्याने आणि बरीच किंमत मोजून मिळवावी लागली.

युरोपात या विकाराचा अभ्यास डॉक्टरांनी स्वतःच्याच नाकापासून सुरू केला. लंडनच्या जॉन बॉस्टॉक यांनी १८१९ मध्ये आपल्याच हंगामी सर्दीचे वर्णन प्रसिद्ध केले. मँचेस्टरचे चार्ल्स ब्लॅकली स्वतः या विकाराने त्रस्त होते. गवताचे पराग स्वतःच्या नाकावर व त्वचेवर लावून त्यांनी केलेल्या प्रयोगांचे पुस्तक १८७३ मध्ये निघाले. ‘ॲलर्जी’ हा शब्द १९०६ मध्ये रूढ केला तो व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी.

स्वतःवर प्रयोग करण्याची ही प्रथा मुंबई इलाख्यानेही पाहिली. १८९७ च्या जानेवारीत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती टोचून, लस घेतलेल्या व न घेतलेल्या कैद्यांची तुलना केली. औषधाची परीक्षा तुलनेने करावयाची, हे तत्त्व येथे दिसते. परंतु बंदिवान माणसाची ‘स्वेच्छा’ कितपत स्वतंत्र असते, हा प्रश्नही त्याबरोबरच येतो. ब्लॅकली स्वतःसाठी निर्णय घेऊ शकत होते. भायखळ्याचा कैदी निदान बोलू शकत होता. पाच वर्षांच्या मुलाच्या वतीने मात्र दुसऱ्याच कोणीतरी बोलावे लागते. बालकांवरील चाचणीचा सगळा नैतिक पेच या एका फरकात सामावलेला आहे.

स्टेरॉइडचे आगमन

१९४८ हे वर्ष या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच व त्यांच्या सहकाऱ्यांनी संधिवाताच्या रुग्णास प्रथमच कॉर्टिसोन दिले आणि त्याच वर्षी ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनची यादृच्छिक वाटपावर आधारलेली चाचणी प्रसिद्ध केली. एकीकडे एक विलक्षण प्रभावी औषध आणि दुसरीकडे औषध पारखण्याची विश्वसनीय रीत, या दोन्ही गोष्टी जवळजवळ एकाच वेळी जगापुढे आल्या. हेंच, एडवर्ड केंडॉल आणि टाडेउश राइखश्टाइन यांना १९५० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पुढील काही वर्षांतच दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णांमध्ये चेहऱ्यावर सूज, हाडांची झीज आणि अधिवृक्क ग्रंथींचे मंदावणे हे दुष्परिणाम दिसू लागले. मुलांच्या बाबतीत त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली, ती म्हणजे खुंटणारी उंची.

यावर उपाय म्हणून औषध सर्व शरीरात न पाठविता विकार असलेल्या जागीच पोहोचवावे, असा विचार पुढे आला. आरंभी वापरलेले डेक्सामेथासोनचे नाकातील फवारे रक्तात बऱ्याच प्रमाणात शोषले जात असल्याने हा हेतू पुरता साधला नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी बेक्लोमेथासोन डायप्रोपिओनेट हे औषध आले. १९७२ मध्ये दम्यासाठी श्वासावाटे आणि १९७३ मध्ये डेन्मार्कचे नील्स मिगिंड यांनी परागज्वरासाठी नाकावाटे त्याचा उपयोग झाल्याचे अहवाल ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केले गेले. अत्यल्प मात्रेत, थेट नाकाच्या अंतस्त्वचेवर काम करणाऱ्या या फवाऱ्याने शिंका, स्राव आणि चोंदणे या तिन्ही लक्षणांत आराम पडत असे.

अशा औषधाची चाचणी कशी घेतली जाते, हे येथे समजून घेणे आवश्यक आहे. शिंका, नाक वाहणे, चोंदणे आणि खाज या चार लक्षणांना प्रत्येकी ० ते ३ गुण देऊन कमाल १२ गुणांची बेरीज केली जाते. रुग्णांचे दोन गट यादृच्छिक पद्धतीने पाडले जातात. एका गटास औषधाचा आणि दुसऱ्यास औषध नसलेला, दिसण्यात हुबेहूब तसाच फवारा दिला जातो. कोणाला काय मिळाले हे रुग्णास ठाऊक नसते आणि डॉक्टरलाही ठाऊक नसते. मूल लहान असेल तर रोजची नोंद पालक करतात. दोन ते चार आठवड्यांत गुणांतील फरक दिसून येतो. ‘नाक मोकळे होते काय?’ या प्रश्नास एवढा काळ पुरतो. उंचीच्या प्रश्नास तो मुळीच पुरत नाही.

नऊ मिलिमीटर

फवाऱ्यातील औषधाचा काही भाग नाकातून शोषला जातो आणि बराचसा भाग घशातून पोटात उतरतो. तो रक्तात किती पोहोचतो, हे औषधागणिक बदलते. बेक्लोमेथासोनच्या बाबतीत हे प्रमाण लक्षणीय असते, तर मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोन फ्युरोएट यांसारख्या नंतरच्या औषधांत ते एक टक्क्याहूनही कमी असते. सहा ते नऊ वर्षांचे मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढते. या गतीत पडणारा थोडासा फरक ओळखावयाचा, तर मुलांचे दोन गट घेऊन, एकास औषध व दुसऱ्यास निष्क्रिय फवारा देऊन, सबंध वर्षभर एकाच पद्धतीने काटेकोर उंची मोजावी लागते.

असा अभ्यास डेव्हिड स्कोनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला व तो २००० मध्ये पीडियाट्रिक्स या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सहा ते नऊ वर्षे वयाच्या १०० मुलांना वर्षभर दिवसातून दोनदा १६८ मायक्रोग्रॅम बेक्लोमेथासोन किंवा निष्क्रिय फवारा देण्यात आला. निष्क्रिय फवारा मिळालेली मुले वर्षात सरासरी ५.९ सेंटिमीटर वाढली, तर औषध मिळालेली मुले ५.० सेंटिमीटर. फरक नऊ मिलिमीटरचा होता. मिगिंड यांच्या अहवालापासून हे नऊ मिलिमीटर दिसेपर्यंत २७ वर्षे लोटली होती. दरम्यान हे औषध जगभर मुलांना दिले जात होते. ते देणारे डॉक्टर निष्काळजी नव्हते. प्रत्येक मूल वाढतच होते. त्यामुळे एकेकट्या मुलाकडे पाहून, ते नऊ मिलिमीटर कमी वाढले, हे आईलाही कळणे शक्य नव्हते आणि डॉक्टरलाही. तुलनेशिवाय हा फरक अदृश्य होता.

त्याच वर्षी एरिक शेंकेल व सहकाऱ्यांनी तीन ते नऊ वर्षांच्या ९८ मुलांवरील अभ्यासात मोमेटासोनचा रोज १०० मायक्रोग्रॅमचा फवारा वर्षभर दिल्यास उंचीची वाढ खुंटत नाही, असे दाखविले. ‘स्टेरॉइडचे फवारे’ हा एकच वर्ग नसून प्रत्येक औषधाची स्वतंत्र परीक्षा आवश्यक आहे, हा धडा या दोन अभ्यासांनी एकत्रितपणे दिला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ मध्येच नाकातील व श्वासावाटे घ्यावयाच्या स्टेरॉइडांच्या माहितीपत्रकात मुलांच्या वाढीविषयी इशारा छापणे आवश्यक केले होते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाच ते साडेआठ वर्षे वयाच्या ४७४ मुलांवरील अभ्यासात फ्लुटिकासोन फ्युरोएटच्या रोजच्या ११० मायक्रोग्रॅम मात्रेने वर्षाला सरासरी ०.२७ सेंटिमीटरचा फरक पडल्याचे आढळले. हा फरक लहान आहे. पण तो शून्य नाही.

वाढीतील ही तूट पुढे भरून निघते काय, या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास आणखी काळ जावा लागला. दम्यासाठी बालवयात श्वासावाटे बुडेसोनाइड घेतलेल्या अमेरिकेतील मुलांचा पाठपुरावा प्रौढत्वापर्यंत करण्यात आला. २०१२ मधील निष्कर्षानुसार त्यांची प्रौढ वयातील उंची निष्क्रिय औषध घेतलेल्यांपेक्षा सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. श्वासावाटे दिलेली मात्रा नाकातील फवाऱ्याहून अधिक असते. त्यामुळे हा आकडा फवाऱ्यास जसाच्या तसा लावता येत नाही. तरीही मुलांवरील औषधाचा हिशेब वर्षांत नव्हे तर दशकांत मांडावा लागतो, हे त्यातून कळते.

येथे दुसरी बाजूही विसरता कामा नये. उपचाराविना राहिलेल्या नासाशोथामुळे झोप मोडते, अभ्यासातील लक्ष उडते आणि दम्याचा त्रास बळावतो. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ हॅरी शर्की यांनी १९६० च्या दशकात मुलांना ‘औषधोपचारातील अनाथ’ म्हटले, ते याच अर्थाने : मुलांवर चाचणी न घेतल्याने ती सुरक्षित राहत नाहीत, उलट प्रत्येक मूल हे न नोंदलेल्या, न मोजलेल्या प्रयोगाचा विषय बनते. म्हणूनच मुलांवर चाचणी घेऊ नये, असा निष्कर्ष या इतिहासातून निघत नाही. ती कशी, कोणावर आणि कोणाच्या देखरेखीखाली घ्यावी, हा खरा प्रश्न आहे.

भारतातील नियमांची वाटचाल

भारतात १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील नियमांत १९८८ मध्ये ‘अनुसूची वाय’ समाविष्ट झाली आणि नव्या औषधांच्या चाचण्यांना नियमांची चौकट मिळाली. त्याआधी, १९८० मध्ये, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मानवी संशोधनाच्या नीतीविषयीचे धोरण जाहीर केले होते; २००० व २००६ मध्ये त्याचे विस्तृत मार्गदर्शक रूप आले. २००५ मध्ये अनुसूची वाय सुधारण्यात आली आणि परदेशी औषधांच्या चाचण्या भारतात इतर देशांबरोबरीने घेणे सुलभ झाले. २००७ मध्ये ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ ही सार्वजनिक नोंदवही सुरू झाली व १५ जून २००९ पासून चाचणीपूर्वी नोंदणी बंधनकारक झाली. चाचणी कोठे होणार, प्रमुख संशोधक कोण आणि कोणत्या नीतिशास्त्र समितीने मान्यता दिली, हे तेव्हापासून सामान्य नागरिकासही पाहता येऊ लागले.

याच सुमारास घडलेल्या एका प्रकरणाने बालकांच्या संमतीचा प्रश्न देशासमोर आणला. २००९ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यांत १० ते १४ वर्षे वयाच्या हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस ‘प्रात्यक्षिक प्रकल्प’ या नावाने देण्यात आली. २०१० मध्ये हा प्रकल्प थांबविण्यात आला. खम्मममध्ये अनेक संमतिपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या वा मुख्याध्यापकांच्या सह्या असल्याचे चौकशीत उघड झाले आणि २०१३ मधील संसदीय समितीच्या अहवालाने त्यावर कठोर ताशेरे ओढले. उपक्रमास ‘चाचणी’ न म्हणता ‘प्रकल्प’ म्हटल्याने संरक्षणाचे नियम कसे सैल होतात, हे या प्रकरणाने दाखविले.

२०१२ मध्ये स्वास्थ्य अधिकार मंच या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या जनहित याचिकेनंतर नियम कडक झाले. २०१३ मध्ये चाचणीतील इजेबद्दल भरपाईचे नियम आले आणि नीतिशास्त्र समित्यांची नोंदणी सक्तीची झाली. १९ मार्च २०१९ रोजी ‘नवी औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियम’ लागू झाले. परिषदेने २०१७ मध्ये बालकांवरील संशोधनासाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यानुसार पालकांच्या संमतीबरोबरच सात वर्षांवरील मुलाचा स्वतःचा होकारही घ्यावयाचा असतो : सात ते बारा वयात तोंडी आणि त्यापुढे लेखी. वाग्भटाने नस्यासाठी घातलेली सात वर्षांची मर्यादा शरीराच्या सोसण्याविषयी होती, तर ही मर्यादा मुलाच्या समजुतीविषयी आहे; दोहोंचा परस्परांशी संबंध नाही. परंतु मूल कोणत्या वयात कशास पात्र ठरते, हा विचार दोन्हीकडे अटळ ठरला, हे नोंद घेण्यासारखे आहे.

या नियमांतील एक बारकावा नासाफवाऱ्यांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे. दुर्बल घटकांची संमती घेतानाचे दृक्‌श्राव्य चित्रण नियमाने आवश्यक आहे ते सर्वस्वी नव्या औषधी रेणूंच्या चाचण्यांत. जुन्याच औषधाचा नव्या उत्पादकाने बनविलेला फवारा या कक्षेत येत नाही. मात्र अशा फवाऱ्यांच्या चाचण्या पुष्कळदा आवश्यक ठरतात. कारण गोळीप्रमाणे केवळ रक्तातील प्रमाण मोजून नाकातील स्थानिक परिणामाची समानता सिद्ध होत नाही, ती रुग्णांवरच पडताळावी लागते. म्हणजे जेथे चाचणी सर्वसाधारण व नित्याची वाटते, तेथे दक्षतेची जबाबदारी कॅमेऱ्यावर टाकता येत नाही; ती स्थानिक समितीवर आणि समजावून सांगणाऱ्या माणसावर येऊन पडते.

संमतीची भाषा आणि परिसरातील मूल

हा इतिहास सातारा-सांगलीच्या भूमीवर आणला असता तीन प्रश्न उभे राहतात.

पहिला प्रश्न भाषेचा. मराठीत ‘चाचणी’ हा शब्द रक्ताच्या तपासणीस, शाळेतील घटक परीक्षेस आणि औषधाच्या प्रयोगासही वापरला जातो. ‘तुमच्या मुलाची चाचणी करायची आहे’ हे वाक्य ऐकणारी आई ते निदानासाठीची तपासणी समजू शकते. ‘प्रयोग’ म्हटले तर ती घाबरू शकते. ‘उपचार’ म्हटले तर ते सत्य नव्हे, कारण तिच्या मुलास औषधाविना फवाराही मिळू शकतो. ही गोष्ट मराठीत स्पष्ट सांगावयाची तर एक-दोन शब्दांचे भाषांतर पुरत नाही. चार सरळ वाक्ये लागतात : हे औषध तपासले जात आहे. तुमच्या मुलास औषध मिळेल की नुसता फवारा, हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरेल. ते आम्हालाही कळणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी येथील उपचार चालूच राहील. डॉक्टरसाहेब सांगतील ते करावयाचे, ही आपल्याकडील आदराची रीत असल्याने यांतील चौथे वाक्य सर्वांत महत्त्वाचे ठरते.

दुसरा प्रश्न पालकत्वाचा. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह उभारले. वसतिगृह हे या परिसराचे एक मोठे सामाजिक संचित आहे. गरिबांच्या कित्येक पिढ्या तेथे शिकल्या. वसतिगृहाचा अधीक्षक मुलाला आईबापासारखा सांभाळतो, हे येथे गौरवाने सांगितले जाते. परंतु संमतिपत्रावर सही करण्याचा अधिकार त्या सांभाळण्यातून मिळत नाही, हे खम्ममच्या अनुभवाने शिकविले आहे. ज्या भूमीत वसतिगृहांवर इतका विश्वास आहे, तेथे हा भेद अधिक काटेकोरपणे जपावयास हवा.

तिसरा प्रश्न कोणाचे मूल मोजले जाते, हा आहे. वाढीचा अभ्यास वर्षभर चालतो. म्हणून एका जागी राहणारे, बोलावल्या दिवशी येणारे आणि ज्याचे पालक रोजनिशी लिहू शकतात, असे मूल त्यासाठी निवडले जाते. दर वर्षी हंगामात मराठवाड्यातून कृष्णाकाठच्या फडांवर येणाऱ्या ऊसतोड कामगारांची मुले या चाळणीतून आपोआप गळतात. धूर, धूळ आणि उघड्यावरील पाल यांत राहणाऱ्या या मुलांचे पोषणही निराळे असते. चांगल्या पोषणाच्या मुलांत काही मिलिमीटरचा ठरणारा फरक आधीच खुरटलेल्या मुलाच्या बाबतीत तेवढाच राहतो, असे गृहीत धरण्यास आधार नाही. हवामानाचीही हीच गोष्ट आहे. युरोपातील अभ्यास गवताच्या परागांचा ठरावीक हंगाम धरून आखले गेले. २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने ‘हंगामी’ व ‘बारमाही’ ही जुनी विभागणी मागे टाकून ‘खंडित’ व ‘सतत’ अशी नवी विभागणी सुचविली, याचे एक कारण म्हणजे जगाच्या पुष्कळ भागांत ती जुनी विभागणी लागू पडत नव्हती. महाबळेश्वर आणि जत एकाच चाचणीत घेणाऱ्यास याचा अर्थ निराळा सांगावा लागणार नाही. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बालदमा व ॲलर्जीच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ५६ देशांतील १५५ केंद्रांवरील ४,६३,८०१ मुलांची माहिती होती आणि भारतीय केंद्रांत पुणे व अकोला यांचाही समावेश होता. एकाच देशातील केंद्राकेंद्रांतही आढळणारी भिन्नता हे त्या अभ्यासाचे एक महत्त्वाचे फलित होते.

समारोप

स्टेरॉइड फवाऱ्याचा इतिहास यशाचा इतिहास आहे. लाखो मुलांना त्याने शांत झोप दिली, आणि जे औषध उंचीला बाधक ठरू शकत होते, त्याची जागा तुलनेने सुरक्षित औषधांनी घेतली. परंतु हे यश औषधाच्या शोधातून जितके आले, तितकेच उशिरा विचारलेल्या एका प्रश्नातून आले. जे कोणी मोजले नाही, ते घडत नव्हते असे नाही.

२०१९ च्या नियमांनुसार नीतिशास्त्र समितीत किमान सात सदस्य असावे लागतात आणि त्यांतील निम्मे संबंधित संस्थेबाहेरचे असावे लागतात. त्यांत कायदेतज्ज्ञ, स्त्री-सदस्य, सामान्य नागरिक आणि समाजशास्त्र, तत्त्वज्ञान वा नीतिशास्त्र यांसारख्या क्षेत्रांतील व्यक्ती अपेक्षित असतात. चाचणीच्या ठिकाणी स्वतःची समिती नसेल तर त्याच शहरातील किंवा ५० किलोमीटर परिघातील समितीची मान्यता घेता येते. मिरजेहून जत याहून दूर आहे, ही बाब दुष्काळी पट्ट्यातील मुलांच्या दृष्टीने विचार करण्यासारखी आहे. समितीतील बिगरवैद्यकीय सदस्य परिसरातील महाविद्यालयांतूनच येऊ शकतात. मराठीचा अध्यापक संमतिपत्राची भाषा वाचू शकतो. समाजशास्त्राचा अध्यापक कोणती मुले गळाली हे विचारू शकतो. इतिहासाचा अध्यापक नऊ मिलिमीटरांची आठवण करून देऊ शकतो. औषध नाकाला लागू पडते की नाही, हे डॉक्टर पाहतीलच. त्या नाकामागे एक वाढते मूल आहे आणि त्याच्या वतीने सही करणारी आई पुढ्यातील कागद समजून घेऊ इच्छिते, याकडे लक्ष देण्याचे काम सर्वांचे आहे.